दस्त्यात तेल मुरेना

काळुरामाची एक खोड होती. हातात काम असलं की तो माणसांशी बोलायचा नाही, लाकडाशी बोलायचा. जन्म मिठागरावर गेला, पण फावड्याला दांडा बसवावा तर काळुरामानेच, असं दिवा गावाकडच्या खाडीकाठच्या सगळ्या पाड्यांत म्हणत. तासताना तो दांड्याला शिव्या घालायचा, चुचकारायचा, "आता बस गुमान" म्हणून दम द्यायचा. त्या माघात मात्र तो पडवीत बसून बंदुकीचा दस्ता खरवडत होता आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हता.

बंदूक म्हणजे काही वाघ मारायची नव्हे, छर्‍यांची. त्याच्या मुलाची, दामाजीची. दुसरी मोठी लढाई संपून कल्याणच्या कॅम्पातलं लष्कर उठलं, तेव्हा तिथल्या कुणा भांडारवाल्याला महिनाभर कोलंबी खाऊ घालून पठ्ठ्याने ती मिळवली होती. इतका जीव तिच्यावर, की बायको मंजुळा म्हणायची, मला लाकडाची सवत आणली. होडी घेऊन तो खाडीत बदकं मारायला जायचा. गेल्याच्या गेल्या आश्विनात असाच गेला. होडी ओहोटीला तिवरांच्या झाडीत अडकलेली सापडली. तिच्यात बंदूक होती, दामाजी नव्हता.

सगळा गाव म्हणाला, गेला. फक्त त्याची आई सखुबाई नाही म्हणाली. पोहणारा पोरगा, खाडीत मरतो होय? कुठेतरी लागला असेल काठाला, रुसला असेल, कामाला लागला असेल. तिने सुतक धरलं नाही की कुणाला धरू दिलं नाही. सुतकात डोक्याला तेल लावत नाहीत ना, मग ही बया रोज दिवेलागणीच्या आधी मंजुळेला पडवीत बसवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत तिच्या डोक्यावर खोबरेल थापायची. बघा रे बघा, माझ्या घरात सुतक नाही. मंजुळा मान खाली घालून बसायची. आणि गंमत बघा, इतकं तेल जिरवून पोरीचे केस कसे, तर काथ्यासारखे. सखुबाई म्हणायची, काळजीने अंगातला रस आटला, दुसरं काय.

आता काळुरामाचं. त्याला ठाऊक होतं.

होडी सापडल्यावर गावकरी दमून घरी बसले, तेव्हाही तो एकटा ओहोटी साधून चिखल तुडवत होता. तिवरांच्या मुळांत त्याला पोरगा सापडला. तोंडावरून ओळखला नाही. कमरेच्या चांदीच्या करदोऱ्यावरून ओळखला. खाडीतले खेकडे माणसाचं काय करतात ते इथे सांगायला नको. हे सखुबाईला दाखवायचं? ज्या अंगाला तिने तेल चोळून चोळून वाढवलं, ते हे, असं म्हणायचं? काळुरामाला ते जमलं नाही. बांधालगत खोल खड्डा खणून त्याने दामाजीला ठेवला, मिठागरावरून टोपलीभर मीठ आणून वर पसरलं आणि चिखल लोटला. अग्नी नाही, मंत्र नाही. चिखलाने भरलेल्या हातांनी तो तिथे गुरासारखा रडला. मग हात धुतले आणि घरी आला.

मनाशी त्याने एक हिशेब मांडला होता. सुतक लागतं ते माणूस मेल्यापासून नव्हे, कळल्यापासून. परगावची बातमी महिन्याने आली, तर महिन्याने अंघोळ करतात. मग ज्यांना कळलंच नाही, त्यांना सुतक कसलं? सखुबाई मोकळी, मंजुळा मोकळी. सुतक माझ्या एकट्याचं. तो गुपचूप भुईवर निजला, डोक्याला तेल लावू देईना, थंडी भरते म्हणाला. पण दहाव्याला पिंड कोण ठेवणार, कावळा कशाला शिवणार? सुतक सुरू झालं, ते फिटलंच नाही.

आणि तो करदोरा. फेकवेना आणि ठेववेना. शेवटी त्याने तो भाताच्या रिकाम्या कणगीत तळाशी टाकला; दिवाळीत वर नवं भात पडलं, आणि गडी निश्चिंत झाला. जणू त्या घरात भात खायला कुणी बसलंच नव्हतं. पुरुषमाणसाला घरात काही लपवायची अक्कल नसते ती नसतेच.

माघी गणपतीला टिटवाळ्याहून शेवंती कोळीण आली, ती एक काडी लावून गेली. जत्रेत तिने म्हणे दाढी वाढलेला एक माणूस पाहिला होता, चाल अगदी दामाजीची. झालं. सखुबाईच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. होळीला पोर येणार. घर सारवून झालं, सुकी मासळी डब्यात भरून झाली, आणि मग तिची नजर माळ्यावरच्या बंदुकीवर गेली. नळी गंजलेली, दस्त्याचं रोगण खाऱ्या पाण्याने फुगून पापुद्रे सुटलेले. तिने ती नवऱ्याच्या मांडीवर आणून ठेवली आणि आल्याबरोबर तो आधी बंदूकच मागेल, तर ती नीट करून ठेव, असं सांगितलं. काळुराम नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

फुटक्या बाटलीच्या काचेने त्याने जुनं रोगण खरवडलं. काचकागदाने घासलं, ओल्या फडक्याने पुसलं, लाकडाचे तंतू उभे राहिले तसे पुन्हा घासले. खालून अक्रोडाचं सुरेख लाकूड निघालं. पण भुसा ओठांवर उडाला तो खारट लागला. समुद्रात वर्षानुवर्षं बुडालेल्या लाकडाचं ठीक आहे. ही बंदूक एक रात्र होडीत पडली होती. घासून घासून वरचा थर गेला तरी भुसा खारटच. आणि दस्त्यावर जिथे नेम धरताना गाल टेकतो, तिथे दामाजीच्या गालाने पडलेला काळसर डाग होता, तो घासावा तितका ठळक व्हायला लागला. काळुरामाने तेवढी जागा सोडून दिली.

मग त्याने कल्याणच्या बाजारातून जवसाचं उकळलेलं तेल आणलं. रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. थेंब थेंब घ्यायचं आणि तळहाताने चोळायचं, हाताच्या उबेने ते लाकडात शिरतं. कोरडं लाकूड पहिला हात तर घटाघटा पितं. काळुरामाने चोळलं. तेल मुरलं नाही. अळूच्या पानावर पाणी उभं राहावं तसे त्याचे मणी झाले, दस्त्यावरून घरंगळले आणि गालाच्या त्या जागी जाऊन थांबले.

त्याला वाटलं, लाकूड ओलं असेल. उन्हात ठेवलं. पुन्हा चोळलं. तेच. तेलात भेसळ असेल म्हणून घरच्या पाटावर थेंब टाकून बघितला, तर पाटाने तो बघता बघता गिळला. दस्ता मात्र काळुरामाच्या हाताचं तेल घेईना.

सखुबाईने त्याची धडपड आतून पाहिली आणि वैतागून बाहेर आली. तुझ्या हातांना मिठाने घट्टे पडलेत, त्यांत ऊब कुठली, म्हणाली. दस्ता तिने पाय पसरून मांडीवर आडवा घेतला, बाळंतीण पोराला घेते तसा, आणि तेल चोळायला लागली. तेल दिसेनासं झालं. नुसतं मुरलं नाही, लाकूड मागत होतं. ती वाटी रिती करत गेली आणि दस्ता मधासारखा उजळत गेला. चोळता चोळता ती गुणगुणायला लागली. दामाजी पाळण्यात असताना गुणगुणायची तेच. काळुराम उठून मागीलदारी गेला आणि तोंडात पंचा कोंबून उभा राहिला.

संध्याकाळी त्याने ती बंदूक खुंटीला लावायला उचलली. बोटं दस्त्याला लागली मात्र, आत मुरलेलं तेल वर यायला लागलं. बोटांच्या कडेने घामासारखं पाझरलं आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याला खाडीच्या चिखलाचा वास होता. त्याने बंदूक टाकून दिली. सखुबाईने आतून विचारलं, काय पडलं, तर तो म्हणाला, काही नाही.

मग हेच रोजचं होऊन बसलं. ती दिवसा जिरवायची. त्याचा चुकून हात लागला की सगळं बाहेर. तिला कळेना, इतकं चोळून पुन्हा दस्ता फिका कसा. मंजुळेला म्हणाली, तू चोळून बघ गं, तरण्या हाताची ऊब वेगळी. पण मंजुळेला तेव्हाच नेमकं पाण्याला जायचं असायचं, नाहीतर हात शेणाने भरलेले असायचे. एकदाही तिने त्या दस्त्याला बोट लावलं नाही. होळी जवळ यायला लागली. सखुबाई दामाजीसाठी नवं धोतर आणायचं म्हणायला लागली, आणि काळुराम मनात पुढचं मोजायला लागला. पुनवेला ती दारात उभी राहील. रात्र सरेल, कुणी येणार नाही. मग ती पुढच्या होळीची वाट बघेल, मग त्याच्या पुढच्या. आपण तिला दुःखातून सोडवलं नाही, दारात बांधून ठेवलं, हे त्याला तेव्हा कळलं.

एका दुपारी मंजुळा विहिरीवर गेली होती. सखुबाई दस्ता मांडीवर घेऊन बसली होती. काळुराम तिच्यासमोर भुईवर बसला, वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या देखत दस्त्यावर फिरवली. तेलाचे मणी झाले आणि तिच्या लुगड्यावर घरंगळले. तिने आधी मण्यांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"मना सुतक हाय," काळुराम म्हणाला. "त्या आश्विनापासून."

मग त्याने सगळं सांगितलं. तिवरं सांगितली, मीठ सांगितलं, करदोरा सांगितला. खेकडे सांगितले नाहीत. तेवढं त्याने ठेवून घेतलं.

सखुबाई रडली नाही, ओरडली नाही. बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत राहिली. मग वाटी जवळ ओढली, तळहातावर तेल घेतलं आणि चोळलं, रोजच्यासारखं, हलक्या हाताने. तेल तिच्या बोटांखालून निसटलं, मणी झालं आणि गालाच्या काळ्या डागापाशी जाऊन थांबलं. तिने पुन्हा घेतलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा तिने हात तसाच अधांतरी धरला.

"मंजुळेला नको सांगू," ती हळूच म्हणाली. "तिच्या हातानं तरी मुरू दे. होळीपर्यंत."

वर्षाच्या वर काळुरामाने जे एकट्याने उरात वागवलं, ते हिने एका क्षणात जसंच्या तसं उचललं होतं. तोच शहाणपणा, तीच चूक.

मंजुळा डोक्यावर हंडा घेऊन दारात आली. दोघांची तोंडं बघून ती थांबली. सखुबाईने आवाज नेहमीचा करायचा प्रयत्न केला आणि तिला म्हणाली, हंडा ठेव, इकडे बस, माझे हात दमले, आज तू लाव तेल. मंजुळा या वेळी शेण म्हणाली नाही की पाणी म्हणाली नाही. तिने हंडा उतरवला, पदराला हात पुसले आणि येऊन बसली. दस्ता मांडीवर घेतला. वाटीतलं उरलेलं सगळं तेल त्यावर ओतलं आणि दोन्ही हातांनी चोळलं.

तेल मुरलं नाही. थेंबभरसुद्धा नाही. तिच्या बांगड्यांवरून, मनगटांवरून वाहिलं आणि सारवलेल्या भुईवर पडलं.

खाडीला भरती लागली होती, तिचा वास येत होता.

"श्रावणात कणगीचा तळ लागला, मामा," मंजुळा म्हणाली. "भात मीच काढते."

सखुबाईने हात पुढे केला आणि मंजुळेच्या डोक्यावरून फिरवला. कालच तिने त्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं होतं. केस कोरडे होते, भाजल्या गवतासारखे, आणि आजच नव्हे, किती महिने ते तसेच होते. रोज तिच्या बोटांखालून गेले होते आणि तिला दिसले नव्हते.

"तरी रोज माझ्यापुढं बसलीस?" तिने विचारलं. "गावाला दाखवायला तुझ्या डोक्याला तेल लावत होते मी, आन् तू लावून घेत होतीस?"

"तुमच्या हाताला मुरत होतं ना, आत्या," मंजुळा म्हणाली. "म्हटलं, तुमचं तरी मुरू दे."

तेव्हा मात्र सखुबाईने हंबरडा फोडला. इतक्या दिवसांचा साठलेला, पाड्याच्या टोकापर्यंत गेलेला. शेजारच्या बाया हातातली कामं टाकून धावत आल्या आणि काय झालं ते कुणी न सांगता त्यांना समजलं, कारण सुतक नाही हे दाखवायला जिथे रोज तेल थापलं जायचं, त्याच पडवीच्या भुईवर तेल सांडलेलं होतं आणि ते पुसायला घरातलं कुणीही उठत नव्हतं.

त्या दिवसापासून त्या घराने सुतक धरलं, तिघांनी मिळून. दहाव्याला खाडीकाठी बांधापाशी पिंड ठेवला. कावळा बराच वेळ शिवेना. सखुबाई पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, "जा बाबा, आता कुणी तुझी वाट बघत नाय." मग शिवला.

घरी येऊन तिने मंजुळेला समोर बसवलं आणि तिच्या केसांना तेल लावलं. केस भिजले. मग तिने बंदूक काढली, आणि तिघांनी आळीपाळीने दस्त्याला हात दिला. तेल मुरलं, सगळीकडे, सारखं. गालाची ती जागा तेवढी कोरडी राहिली. तिथे त्यांनी पुन्हा तेल लावलं नाही.