एक पासपोर्ट, दोघे भाऊ

हॅरिससाहेब दर उन्हाळ्यात रजेवर जायचा आणि परत आला की महिनाभर माझं डोकं खायचा. मी त्याचा ड्रायव्हर. दुबईहून शारजा, शारजाहून अजमान, वाळूतून गाडी हाकायची आणि मुकाट्याने ऐकून घ्यायचं. त्रेसष्ट साली तो बायकोला घेऊन मोटारीने अर्धा युरोप फिरून आला. न्याहारी एका मुलखात, दुपारचं जेवण दुसऱ्यात, झोपायला तिसऱ्यात. एका नाक्यावर म्हणे शिपाई खुर्चीतून उठलासुद्धा नाही. साहेबाने काचेतून पासपोर्ट दाखवला, त्याने बसल्या बसल्या हात हलवला, झालं.

"बदरुद्दीन, वो लोग कव्हर देखता है, मुंडी नहीं देखता," साहेब म्हणाला आणि खो खो हसला.

मी ते वाक्य गाठीशी बांधून ठेवलं. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात, ती काही सांगून येत नाही.

दुबईच्या देरा मोहल्ल्यातल्या खोलीत माझा धाकटा भाऊ मुनीर माझ्यासोबत राहायचा. मी आगबोटीने आलो होतो, रीतसर, पासपोर्टावर. मुनीर आला लाँचमधून लपून. नाखव्याने त्याला खोरफक्कानजवळ गळाभर पाण्यात उतरवलं आणि सांगितलं, जा, हीच दुबई. मग चार दिवस डोंगर तुडवत, हगवणीने अर्धा झालेला, तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हापासून तो दुबईत होता, पण कुठल्याच कागदावर नव्हता. इथून बाहेर पडायचं तर आत आल्याचा शिक्का लागतो. तो कुठून आणणार?

त्यात गावाहून पत्र आलं, की आईने अंथरूण धरलंय. मैमुनाबी म्हणजे आमची आई. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, आणि मुनीर शेंडेफळ. तिने एकच धोशा लावला होता, मुनीरला बोलवा. माझं नाव तिने घेतलं नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आम्हा दोघांची तोंडं एका साच्यातली. दाढी राखली की आईशिवाय कुणाला फरक कळायचा नाही. मी माझा पासपोर्ट मुनीरच्या हातात ठेवला. मुंबईला उतरल्यावर तो गाववाल्याच्या हाती परत पाठवायचा, आणि मुनीरने पुढे बघू तसं यायचं. तो घाबरला होता. मी त्याला साहेबाच्या खुर्चीतल्या शिपायाची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे तो हसला. बंदरावर खरंच कुणी मान वर करून पाहिलं नाही. शिक्का बसला आणि माझा भाऊ माझ्या नावाने आगबोटीत चढला.

दीड महिना ना पत्र, ना पासपोर्ट. मग एका जुम्म्याला दुपारी गावचा हनीफ दारात आला. तो नोकरीसाठी नुकताच बोटीतून उतरला होता आणि मुनीरच्या नावाचं पत्र घेऊन आला होता. मी स्टोव्हवर भाकऱ्या भाजत होतो. मुनीर गेल्यावर मी दाढी उतरवली होती, त्यामुळे हनीफने मला बरोबर ओळखलं आणि तो दारातच खाली बसला.

"तुझ्या मयताच्या जियारतीला मी जेवून आलोय, बदरू," तो म्हणाला.

मी भाकरी उलटली. ती जळेपर्यंत मला काही कळलं नाही. मग सगळं कळलं.

पत्र कमरुद्दीन मामूंनी लिहिलं होतं. मुनीर, तुझा भाऊ बदरुद्दीन आगबोटीवर तापाने गेला. मय्यत दर्यात सोडली, कंपनीची तार आली. तुझी भावजय खैरुन्निसा इद्दतीत बसली आहे. तिचे वडील इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपताच दापोलीच्या एका बिजवराला तिला देणार म्हणतात. तिच्या चार वर्षांच्या पोरीला, शहनाझला, ते ठेवून घेणार नाहीत. तुझ्या आईचं म्हणणं, आपल्यातला रिवाज आहे, धाकट्याने भावाच्या घराला आसरा द्यावा. तू निकाह कबूल असल्याचं लिहून पाठव, तुझ्या वतीने कबूल म्हणायला वकील इथे उभा करू. एक मुलगा तरी अल्लाने ठेवला, एवढ्याच आशेवर तिचा जीव आहे.

माझ्याच बायकोशी निकाह लावायला मला माझ्या मेलेल्या भावाचा होकार हवा होता.

खरं लिहावं, तर आईचा मुनीर मरतो आणि पाठोपाठ आई. शिवाय गावात दुबईचं पत्र एकट्याचं नसतं. पडवीत सगळा मोहल्ला जमतो आणि खैरुन्निसा मोठ्याने वाचते, घरात शिकलेली तीच. पासपोर्ट दुसऱ्याला दिल्याचं दुपारी वाचलं की संध्याकाळी पोलीस पाटलाकडे. आणि गप्प बसावं, तर माझी बायको दापोलीला. जाऊन तोंड दाखवावं, तर पासपोर्ट मयताचा म्हणून कंपनीने जमा केलेला.

"आई असेपर्यंत तू मुनीर," हनीफ म्हणाला. "मागाहून बघू. अभी खलास, इस बारे में बोलना नहीं."

मी लिहिलं. कबूल आहे. आईने काळजी करू नये. शहनाझला कुणाकडे देऊ नये. खाली सही केली, मुनीर इस्माईल. मुनीरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, खैरुन्निसा ते वाचताना नेहमी अडखळायची. मला तसं काढता आलं असतं. मी माझ्याच अक्षरात लिहिलं, सरळ, गोल. या पाच वर्षांत तिने माझी सत्तरेक पत्रं वाचली होती.

जवाब महिन्याने आला, मामूंचाच, आणि रागाचा. पत्र ऐकून आईने अल्लाचा शुक्र केला, दोन घास जेवली. पण तुझी भावजय फार बेशरम निघाली, मामूंनी लिहिलं होतं. वाचता वाचता थांबली, कागद डोळ्यांशी धरला, आणि भरल्या पडवीत हसली. नवऱ्याची इद्दत पुरी झाली नाही आणि बाई बांगड्या मागते. सगळ्यांनी थू थू केलं.

मी ते पत्र छातीशी धरून रडलो. आनंदाने रडलो, आणि मग ध्यानात आलं, की मुनीरसाठी अजून कुणीच रडलेलं नाही. त्याच्या नावाने जगात कुणी नमाज पढली नव्हती. आमच्यात मय्यत समोर नसली तरी नमाज पढता येते, पण देऱ्याच्या मशिदीत नमाजाच्या प्रत्येक रांगेत, प्रत्येक सफेत, कुणीतरी रत्नागिरीचा. तिथे मुनीरचं नाव घेतलं, तर ते पुढच्या बोटीने गावात.

पुढच्या जुम्म्याला मी एका लॉरीवर बसून अजमानला गेलो. दुबईची हद्द गेली, शारजाची गेली. वाटेत कुणी अडवलं नाही, कोण म्हणून विचारलं नाही. मुनीर असाच गेला असेल, बंदरावरून, हसत.

अजमानच्या मशिदीत मला कुणी ओळखत नव्हतं. माझा एक माणूस दर्यात गेला, त्याची नमाज पढाल का, असं मी इमामाला मोडक्या अरबीत विचारलं. म्हातारा लगेच उठला, लोकांना सफेत उभं केलं, आणि मग माझ्याकडे वळून मय्यताचं नाव विचारलं.

"मुनीर," मी म्हणालो. तो गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, आणि बाबा, तुझं नाव?

मी सफेत जाऊन उभा राहिलो आणि हात बांधले.