नर्सच्या मानापायी

स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या माणसांना सभ्यपणाचा भारी सोस. खोलीभर माणसं गेलिकमध्ये, आपल्या मायबोलीत, गप्पा छाटत असोत, एक इंग्रजी बोलणारा दारात उभा राहिला की सगळ्यांच्या जिभा अर्ध्या वाक्यात पलटतात. परक्याला अवघडायला नको! घरचे अवघडले तर अवघडू देत, ते कुठे पळून जाणार आहेत?

म्हाताऱ्या ओइरिकला पक्षाघाताचा झटका आला आणि शाळेत छड्या खाऊन शिकलेलं तिचं इंग्रजी साफ पुसलं गेलं. राहिली ती आईची गेलिक. डोळेही अधू झाले. माणूस गेलिकमध्ये बोलला की तेवढा ओळखायची. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलेल्या धाकट्या बहिणीला, बारबलला, एकच गोष्ट ऐकायची होती. तरुणपणी दोघी बहिणी चर्चच्या प्रभुभोजनाच्या सोहळ्याला बसने शेजारच्या हॅरिसला गेल्या होत्या. तिथे कालम खलाशाने ओइरिकला मागणी घातली आणि हिने नकार दिला. का, ते तिने जन्मभर सांगितलं नव्हतं.

आज आपणहून सुरू झाली.

"एका पलंगावर पाच पोरी कोंबलेल्या! उतरलो होतो तिथली घरमालकीण म्हणायची, देवासाठी आलात की पोरांसाठी गं?"

"पोरांसाठीच!" बारबल हसली. "आणि कालम?"

"तो जळणाच्या ढिगाआड उभा. मी गेले, तर मेला..."

तेवढ्यात इंग्लंडातल्या लीड्सकडची गोड नर्स आत आली. पलीकडे बसलेला दोघींचा भाऊ टॉर्मॉड, चर्चचा पंच, लगेच इंग्रजीत हवापाण्यावर घसरला. बारबलनेही इंग्रजीत वाऱ्याला नावं ठेवली. ओइरिक आवाजांच्या दिशेने मान वळवत राहिली.

"तुमच्या भाषेत बोला ना," नर्स म्हणाली. "माझं काही अडत नाही."

"छे छे! इतके रानटी नाही आम्ही," टॉर्मॉड इंग्रजीत म्हणाला.

ओइरिक चाचपत उशीवर सावरली. गेलिकमध्ये म्हणाली, "माणसं भली दिसतात बिचारी. पण माझ्या घरचं कुणीच नाही का आलं?"

"काय म्हणाल्या?" नर्सने विचारलं.

"तुमचे आभार मानतेय," टॉर्मॉडने ठोकून दिलं.

बारबलला भावाच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. तिचा जीव कळवळला. तिने बहिणीचा हात घट्ट धरला, 'मी आहे ना गं' म्हणायला तोंड उघडलं, आणि नर्स समोर उभी होती, म्हणून बाहेर पडलं ते इंग्रजीच.

ओइरिकने पाहुण्यांसमोर हसावं तसं हसून हात सोडवून घेतला.