पहिली ओळ

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, सील केलेल्या चर्चसमोरच्या फुटपाथवरून पोलिसांनी एका म्हाताऱ्या बाईंना गाडीत बसवून नेलं. उपासनेच्या गीताची पहिली ओळ त्यांनी म्हटली, एवढाच त्यांच्यावर ठपका होता.

चर्चला सील लागल्यापासून मंडळी दर रविवारी बाहेर येऊन उभी राहत होती. उभं राहायला मनाई नव्हती. मनाई होती ती परवानगीशिवाय उपासना चालवायला. आता चालवणारा कोण हे ठरवायचं, तर कुणीतरी सुरुवात करताना सापडायला हवं. इथे मंडळीची जुनी रीत पोलिसांच्या पथ्यावर पडली. गीताची पहिली ओळ एकाने म्हणायची आणि दुसऱ्या ओळीला बाकीच्यांनी उचलायचं, अशी ती रीत. पाळकांनी पहिली ओळ म्हटली, त्यांना नेलं. पुढच्या वेळी सुताराने म्हटली, त्यालाही नेलं, तेही चष्म्याशिवाय. दोघे अजून आतच होते.

मग सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची असं ठरलं. पण जन्माची सवय अशी जात नाही. वेळ झाली आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. एकाला ठसका लागला, तसा हवालदार पुढे सरकला. "अहो, खोकला आहे," त्याने हात जोडून सांगितलं. त्या रविवारी गीत झालंच नाही. ही गंमत आठवडाभर घरोघरी सांगितली गेली. पण हसताना प्रत्येकाला कळत होतं, की असंच चालू राहिलं तर हळूहळू कुणी यायचंच नाही. बंदोबस्तावरच्या साहेबांना घाई नव्हती. तेही त्याचीच वाट बघत होते.

म्हणून या रविवारी त्या म्हाताऱ्या बाईंच्या, म्हणजे आजींच्या, सुनेने पहिली ओळ म्हणायचं ठरवलं.

सून कपडे अल्टर करून देते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. मंडळीत तिच्यासारखा पक्का गळा दुसरा नाही. तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक आहे. शनिवारी संध्याकाळी त्या खोलीत दोघांचा वाद झाला. आपणच का, एवढी माणसं आहेत, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. एवढी माणसं हेच म्हणतायत, असं ती म्हणाली. तिने मशीन थांबवलं नव्हतं. गिऱ्हाइकाची पँट उंचीला कमी करायची होती. मग नवऱ्याने आईचा विषय काढला. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तिचं पथ्य, हे सगळं कोण बघणार? यावर मात्र सुनेने मशीन थांबवलं. मशीनखाली तिने एक पिशवी भरून ठेवली होती: स्वेटर, टॉवेल, ब्रश.

आजी आत भांडी पुसत होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

आजींना सूर म्हणून कधी लागला नाही. त्या तरुण असतानाच तेव्हाच्या पाळकांनी त्यांना गोड बोलून खांबामागची जागा दिली होती. त्यावरून मंडळीत त्यांना 'खांबामागची आजी' म्हणतात. त्यांना ते ठाऊक होतं. "देवाला चालतं, खांबाला चालतं, तुमचंच काय अडतं?" असं त्या टोमणा मारणाऱ्याला विचारायच्या.

वाद थांबल्यावर त्या बाहेर आल्या आणि गीत कोणतं घेणार, एवढंच सुनेला विचारलं. सुनेने सांगितलं. बरं म्हणून त्या झोपायला गेल्या.

रविवारी निघताना पिशवी आजींनी उचलली. "दे, मी धरते. तुझा हात मोकळा असू दे." सुनेला वाटलं, आई आपल्याला निरोप द्यायला बळ गोळा करतायत. फुटपाथवर तिने घसा साफ केला, श्वास घेतला. तेवढ्यात शेजारून पहिली ओळ सुरू झाली, इतकी वरच्या पट्टीत की समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली.

ओळ संपली. क्षणभर कुणालाच सुचेना. मग सुनेने त्याच पट्टीत दुसरी ओळ उचलली आणि बाकीचे कसेबसे तिच्यामागे चढले. पुरुषांचे आवाज फाटले, पण गीत शेवटपर्यंत झालं. साहेब ते संपेपर्यंत थांबले. गाडीत चढताना आजींनी पिशवी हवालदाराच्या हाती दिली आणि जपून धर म्हणाल्या, आत माझा चष्मा आणि गोळ्या आहेत. सुनेचा स्वेटर त्यांनी रात्रीच काढून तिच्या कपाटात ठेवला होता.

दुपारी मुलगा आणि सून पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनाही हे लचांड नकोच होतं. त्यांनी मुलाला बाजूला घेऊन मार्ग सुचवला. आईचं वय झालंय, तिला भान राहत नाही, काय बोलते ते तिला कळत नाही, एवढं मुलाने लिहून द्यायचं आणि तिला घरी न्यायचं. त्यांनी कागद पुढे केला, पेनही दिलं.

मुलाने पेन हातात घेतलं. पलीकडे बाकावर बसलेल्या आजींना सगळं ऐकू येत होतं.

"अरे, माझं डोकं ठिकाणावर आहे," त्या म्हणाल्या. "सूर ठिकाणावर नाही. ते हवं तर लिहून दे."

हवालदाराने तोंड फिरवलं. साहेब आजींना म्हणाले, की चुकून झालं असं तुम्हीच म्हणा, मी सोडतो.

"चुकून कसं होईल, साहेब? रात्रभर जागून पाठ केलंय."

मुलाने पेनला टोपण लावलं आणि ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. गोळ्या जेवणानंतर द्यायच्या, रिकाम्या पोटी नाही, असं त्याने हवालदाराला दोनदा बजावलं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत पाळक, सुतार आणि आजी, तिघांपैकी कुणीही सुटलेलं नाही. मुलाने डेपोतून आल्यावर हात धुतले आणि पहिली ओळ कुठल्या पट्टीत घ्यायची ते बायकोला विचारलं. "आईंच्या," ती म्हणाली.

मशीनखाली आता दोन पिशव्या आहेत. रविवारी सुरुवात कुणी करायची, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.