शर्यतीला जाऊन आलेला इअरमफ

दोन पिवळ्या वाट्या, वाट्यांच्या आत मऊ स्पंज आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी, असा माझा अवतार. मोठा आवाज अडवायचा आणि कान जपायचे, एवढंच माझं काम. मला इअरमफ म्हणतात. मित्रांनो, आज मी जुना झालो आहे. पण काम करून जुना झालो असतो तर त्याचं मला काही वाटलं नसतं. मी कपाटात बसून जुना झालो.

आम्ही चाळीस भावंडं एका खोक्यातून औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कारखान्यात आलो. तिथे मोटारींसाठी पत्र्याचे भाग कापले जात. प्रेस नावाची अवजड यंत्रं पत्र्यावर दिवसभर दणके घालत. पहिल्याच दिवशी त्या दणक्यांनी माझ्या वाट्या थरथरल्या आणि मला वाटलं, चला, आपण योग्य घरी पडलो. पण व्यंकटराव साहेबांनी आम्हाला त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात लावून ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. व्यंकटराव हे प्रेसशॉपचे मुख्य. माणूस नीटनेटका, जिभेवर साखर. फक्त वस्तू खराब झालेली त्यांना खपत नसे.

वर्षातून दोन-तीनदा मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला येत. त्याला सगळे ऑडिट म्हणत. त्या दिवशी सकाळी आमचं कपाट उघडायचं, चाळीस डोक्यांवर चाळीस इअरमफ चढायचे आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की आम्ही पुसूनपासून पुन्हा आत. एकदा एका तपासनिसाने मला हातात घेऊन म्हटलं, "सात वर्षांचे आहेत? वा! काय निगा राखलीय!" व्यंकटराव फुलले. खोटं कशाला सांगू, मीही फुललो. तेव्हा मला अक्कल नव्हती.

ऑडिटच्या दिवशी मी नेहमी सांडूच्या डोक्यावर जायचो. सांडू चार नंबरच्या प्रेसवर काम करायचा. गंगापूरच्या पुढच्या एका वस्तीवरून तो रोज काळीपिवळी जीपने यायचा. मी डोक्यावर आलो की तो कुरकुरायचा. "ह्यो टोप घातला की प्रेसचं बोलणं कळत नाय," म्हणायचा. त्यात तथ्य होतं. दोन पत्रे चुकून एकाखाली एक गेले, की दणक्याचा आवाज किंचित बदलतो. सांडू तेवढ्यावर प्रेस थांबवायचा. सगळं शॉप त्याचं कौतुक करायचं.

त्या शॉपमध्ये एक बोलणं होतं. नवा माणूस आला की सुरुवातीला दचकायचा, कानात बोटं घालायचा. महिन्या-दोन महिन्यांनी दचकायचा थांबला, की शेजारच्या प्रेसवरचा बन्सी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हात बसला, आता कान बी बसला. पक्का झाला गडी!" हात बसतो म्हणजे काम अंगवळणी पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कानाचंही तसंच असेल, असं ती भोळी माणसं धरून चालली होती. बसलेला कान म्हणजे मरत चाललेला कान, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मला ते सांडूच्या डोक्यावर कळलं. पहिल्या वर्षी संध्याकाळी मला काढलं की दणक्यांनी त्याची मान आखडायची. मग ते कमी झालं. एका ऑडिटला मला काढून ठेवलं तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या दिवशी मी फार घाबरलो. पण काचेआडून मी कुणाला हाक मारणार?

आता शर्यतीची गोष्ट. फ्रान्समध्ये मोटारींची चोवीस तासांची एक शर्यत असते. व्यंकटराव ती एकदा पाहून आले होते. दोन वर्षांनी ते पुन्हा निघाले, या वेळी उस्मानपुऱ्यातले त्यांचे दोन मित्र बरोबर होते. मित्रांसाठी त्यांनी सूचनांचा एक कागद लिहिला. फार मायेने लिहिला होता. बूट जुने, पायाला सरावलेले घाला. ऊन असलं तरी रेनकोट सोडू नका. चोवीस तास जागायचा हट्ट नको, आळीपाळीने झोपा. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. आणि सगळ्यांत वर, लाल शाईत: "आधी कान सांभाळा. घसा बसला तर उठतो, कान बसला की उठत नाही. मागच्या वेळी मी चुकलो, महिनाभर कानात शिट्टी वाजत होती. इअरमफ मी आणतो."

तो कागद टेबलावर होता आणि शेजारी मी आणि माझी दोन भावंडं, प्रवासाला तयार. व्यंकटराव फोनवर बोलत होते. सांडू कापलेला भाग दाखवायला आला आणि उभ्या उभ्या त्याने कागद वाचला. मग त्याने लाल ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, हे खरं हाय का?"

"ते शर्यतीचं आहे रे," व्यंकटरावांनी फोन ठेवत म्हटलं.

"काय म्हणले?"

"शर्यतीचं!" ते ओरडले.

"ती किती येळ चालती?"

"चोवीस तास!"

सांडूचं बोट अजून लाल ओळीवरच होतं. "आन् मी इथं एकोणीस वर्सं हाय," तो म्हणाला. "साहेब, डावा कान पार गेला. उजव्यानं अजून घरचीची हाक कळती, नातीचं बोबडं बोलणं कळतं. ह्यातला एक मला रोजच्याला द्या."

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. पण कळतं तेवढं वळत नाही, मित्रांनो. ते म्हणाले, "आल्याबरोबर ऑडिट आहे. तुला एक दिला तर सगळे मागतील, आणि मग ऑडिटला काय दाखवू? ऑडिट होऊ दे, नक्की देतो."

"व्हय साहेब," सांडू म्हणाला. त्याला किती ऐकू आलं, देव जाणे.

अशा रीतीने मी समुद्र ओलांडला. गाड्या समोरून जाताना छाती हादरत होती, आणि मी व्यंकटरावांचे कान मनापासून जपले. माझ्या आयुष्यात मी सलग केलेलं काम तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई कडेवर वर्षाचं बाळ घेऊन पुढे उभी राहिली. बाळाच्या कानांवर माझ्याचसारखे, पण इवलेसे इअरमफ होते, आणि त्या गदारोळात ते गाढ झोपलं होतं. व्यंकटराव त्याच्याकडे बघत राहिले. मित्र गाड्या दाखवत होते, यांचं लक्ष नव्हतं. त्यांचा हात माझ्या वाटीवर गेला आणि तिथेच राहिला.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी कपाट सताड उघडलं. "प्रत्येकाने एकेक घ्या, रोज घाला!" असं ओरडून ते मला घेऊन थेट चार नंबरच्या प्रेसकडे गेले. तिथे बन्सी होता.

"सांडू कुठंय?"

बन्सीने मान खाली घातली. "तुमी गेले त्या आठवड्यात दोन पत्रे एकदम आत गेले, साहेब. आवाज बदलला, मला शेजारच्या प्रेसवर कळलं. म्या वरडलो, सांडू थांब! त्याला प्रेसचं बी आलं नाय ऐकू अन् माझं बी नाय. डाय फुटली, पत्रा कापायचा साचाच. उजव्या कानाजवळ लई मोठा बार झाला. हात वाचले. कान गेला. डॉक्टर म्हणले, आता काय होत नाय."

सांडूला पॅकिंगला बसवलं होतं. व्यंकटराव त्याच्यासमोर उकिडवे बसले. "सांडू, माझं चुकलं रे. त्याच दिवशी द्यायला हवा होता."

सांडूने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "व्हय साहेब," तो म्हणाला. "ही खोकी जेवणाच्या आधी भरतो."

मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने मला साहेबांच्या हातातून घेतलं, बाहीने पुसलं आणि मुकाट्याने स्वतःच्या डोक्यावर चढवलं.

"आज ऑडिट हाय का, साहेब?"

मित्रांनो, त्या कानांवर मी घट्ट बसलो होतो, आणि आत जपायला काही उरलं नव्हतं. तुमच्या घरी कुणी टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवत असेल, हाक मारली तर ओ देत नसेल, तर त्याच्यावर चिडू नका, त्याला बहिरा म्हणून हसू नका. जवळ जाऊन विचारा, कामावर कानाला काय लावता? आणि उत्तर येईपर्यंत समोरून हलू नका.