निळ्या डोळ्याचा बगळा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बायको 'सर्वज्ञ' म्हणायची, आणि ते काही कौतुक नव्हतं. हवाई दलाचे कापडी बिल्ले गोळा करायचा त्याला नाद. कुठलाही बिल्ला दाखवा, कुठल्या तुकडीचा, कुठल्या तळावरचा, घडाघडा सांगणार. घरातली साखर संपलीय हे मात्र त्याला कधी कळायचं नाही.

तर या सर्वज्ञाला जुन्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगात, एक बिल्ला सापडला. काळ्या कापडावर पांढरा बगळा, चोचीत कंदील. नाव नाही, आकडा नाही. मागे शर्टाला चिकटवायची वेल्क्रोची पट्टी. सगळं भरतकाम मशीनचं, फक्त डोळा तेवढा हाताने भरलेला, निळ्या दोऱ्याने. पुस्तकं पालथी घातली, पत्ता लागेना. निळा डोळा म्हणजे तुकडीच्या प्रमुखाची खूण, असं त्याने ठोकून दिलं. जेवतानाही बिल्ला ताटाशेजारी. "यापेक्षा सवत परवडली," बायको म्हणाली, "भांडी तरी घासली असती तिने."

शेवटी त्याच्याकडे घड्याळ दुरुस्तीला आणणाऱ्या एका म्हाताऱ्या विमान-मेकॅनिकने बिल्ला ओळखला. हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"ही तुकडी कागदावर नव्हतीच," तो म्हणाला. "एक विमान, तिघं पोरं. सीमेपलीकडचे फोटो काढून आणायचे. निघण्याआधी बिल्ले काढून माझ्या डब्यात टाकायचे, पकडले गेले तर कुठले ते कळू नये म्हणून. एकदा परत येताना विमान आपल्याच हद्दीत पडलं, तिघंही गेले. पुढे तळ बंद झाला, डबा भंगारात गेला असणार. एकाची आई इथेच राहते, पाण्याच्या टाकीमागे. तिला नेऊन द्या."

टाकीमागच्या म्हातारीने बिल्ला घेतला आणि अंगठा थेट डोळ्यावर ठेवला.

"हा मी भरलाय. सुट्टीवर आला तेव्हा डोळा उसवला होता. लाल दोरा संपलेला, म्हटलं निळा चालेल. तर म्हणतो कसा, आई, बगळ्याला मोतीबिंदू झाला." ती हसली. प्रमुखाची खूण गेली उडत, पण त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट भरून आलं.

मग ती सांगू लागली. "मला एक प्रेत दाखवलं होतं त्यांनी. चेहरा ओळखू येत नव्हता. शर्टाची बाही मात्र शाबूत, आणि तिच्यावर बिल्ला नव्हता. माझा लेक बिल्ल्याशिवाय शर्ट घालायचाच नाही. मी म्हटलं, हा माझा नाही, कुणा दुसऱ्या माउलीचा असेल. हे समजावून थकले, दीर थकले. मी सही केली नाही. आता बघा, बिल्ला बाजारात आला. म्हणजे तोही कुठेतरी असणारच की."

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आमच्या सर्वज्ञाच्या जिभेला कधी हाड नव्हतं.

"नाही हो आजी, उड्डाणाला जाताना ते बिल्ले काढूनच जायचे," तो म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

"सगळेच?"

काहीतरी थाप मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं. एकही सुचली नाही. "सगळेच," तो म्हणाला.

म्हातारीने बगळ्याच्या डोळ्यावरचा अंगठा काढला. रडली नाही. त्याला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"ज्याला आईच 'माझा नाही' म्हणते," तिने विचारलं, "त्याला कुठे ठेवतात हो?"

जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटली. "माहीत नाही. मेकॅनिकला विचारून येतो."

"थांबा, मीही येते," ती भिंतीला धरून उठली आणि पायाने चपला चाचपू लागली. "'नाही' मीच म्हटलं होतं. आता 'हो' म्हणायला दुसरं कोण जाणार?"