अकरा महिने टेबलावर

मी एक शोधनिबंध आहे. बारा पानं, नऊ आलेख, सहा कोष्टकं. वीज वाहून नेणाऱ्या उंच तारांविषयी बोलतो, ऐकणारे थोडेच.

मला लिहिणाऱ्या बाई वीजकंपनीत तपासणी अभियंता. तीन उन्हाळे त्यांनी मनोऱ्यांखाली उभं राहून तारांची उंची मोजली. यंत्रावर छत्री धरायला सुट्टीच्या दिवशी नवऱ्यालाही उन्हात उभं केलं. जुनी तार तापली की कंपनीच्या कोष्टकात दिलंय त्यापेक्षा बरीच जास्त खाली येते, एवढंच माझं म्हणणं.

कंपनीतल्या साहेबांनी मला चाळलं. म्हणाले, "आधी कुठे छापून येऊ दे. तज्ज्ञांनी मान डोलावली की तारा वर घेऊ. तोवर आपलं कोष्टकच खरं."

म्हणून मी एका नियतकालिकाकडे गेलो. संपादकांनी मला तपासायला एका प्राध्यापकांकडे धाडलं. तपासणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं, मीही ठेवतो. त्यांनी माझी प्रत काढून टेबलावर ठेवली. वर परीक्षेचे पेपर आले, मग चष्म्याचं घर, मग नातीची चित्रं. स्मरणपत्र आलं की ते बायकोला म्हणायचे, "काय घाई लागलीय यांना! तारा काय पळून जातायत?"

अकरा महिने गेले. पुन्हा उन्हाळा आला. एका भर दुपारी, माझ्या चौथ्या आलेखातल्याच तारेखाली एक क्रेन उभी राहिली. कंपनीच्या कोष्टकावरून पाटीवर लिहिलेली उंची पाळूनच ड्रायव्हरनं दांडा उचलला. तारेला न शिवताच वीज झेपावली. तो जिवंत खाली उतरला नाही.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. नवरा म्हणाला, "तुझी काय चूक त्यात? तू तर लिहून दिलं होतंस."

"लिहून दिलं आणि वाट बघत बसले. ओरडायला हवं होतं मी."

नऊ दिवसांनी प्राध्यापकांचा अभिप्राय आला. "गणित ठीक. निष्कर्ष मात्र अतिरंजित वाटतात. प्रत्यक्षात धोका उद्भवल्याचं एकही उदाहरण नाही. ते जोडावं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग जोडलं. सातवं कोष्टक, एकच ओळ: तारीख, तापमान, तारेची उंची, मृत्यू एक.

तीन दिवसांत मी मंजूर झालो. "आता निबंध भक्कम झाला," असा शेराही मिळाला.

तारा वर गेल्या. साहेबांनी बाईंचा सत्कार ठरवला. बाई त्या दिवशी रजेवर गेल्या. छापून आलेल्या अंकाचं पाकीट त्यांनी अजून फोडलेलं नाही.

लोक माझा दाखला देतात, तोही नेमका सातव्या कोष्टकाचा. मला त्याची लाज वाटते. तुमच्या टेबलावर माझ्यासारखा कुणी पडला असेल तर वाचा. वाचायचा नसेल तर सरळ नाही म्हणा, तो दुसरं दार ठोठावेल. पण नुसता ठेवून देऊ नका.