अकॉर्डियनचा चढा सूर

उन्हाळी संगीत महोत्सवाच्या मैदानावर तंबू इतक्या दाटीने उभे होते की एकाच्या दोरीवर दुसऱ्याचे मोजे वाळत होते. आत्याने मात्र आपल्या तंबूपुढे अंगणाएवढी जागा राखली होती. अकॉर्डियन वाजवायला कोपरं मोकळी लागतात, असे तिने सांगितले आणि शेजारी मुकाट्याने सरकले. एरवी ती शाळेची बस चालवत असे. माणसे मागे सरकवण्याची कला तिथलीच.

दुपारी धाकट्या मंचावर तिची भाची आपल्या रॉक बँडसोबत गाणार होती. शेवटी आजोबांचे जुने लोकगीत घ्यायचे, गवत कापणाऱ्यांचे, आणि आत्याने त्याला अकॉर्डियनची साथ करायची, हा भाचीचा हट्ट होता. आत्या दुसऱ्या गावची, त्यामुळे एकत्र सराव झालाच नव्हता. तो आता, सकाळच्या चहानंतर, तंबूपुढे सुरू झाला.

पहिल्याच ओळीला गिटारवाल्याचे तोंड वाकडे झाले.

“काहीतरी टोचतंय,” म्हणत त्याने सूर दाखवणारे छोटे यंत्र अकॉर्डियनजवळ धरले. काटा मधोमध थांबायचा तो उजवीकडे जाऊन बसला. “आत्या, तुमचा सूर चढा आहे. सगळ्याच पट्ट्यांचा.”

“असेल. बाबांनी आतल्या पट्ट्या मुद्दाम घासून घेतल्या होत्या, उघड्या शेतात लांबवर ऐकू जावं म्हणून. घरातली बाकीची वाद्यं आम्ही या अकॉर्डियनवरच लावतो. आजवर कुणाला खटकलं नाही.”

“सगळं घरच चढं, खटकणार कुणाला?” ड्रमवाला म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असे पाहिले की तो चहाच्या भांड्याकडे वळला.

अकॉर्डियनमध्ये प्रत्येक सुराची धातूची पट्टी वेगळी असते. त्या सगळ्या पुन्हा घासून सूर उतरवणे मैदानात बसून होण्यासारखे नव्हते. गिटारवाला मनाने चांगला होता, म्हणूनच त्याला बोलणे जड गेले.

“शेवटचं गाणं आपण आत्यांशिवाय करू. राग मानू नका आत्या, पुढच्या वर्षी नक्की.”

“राग कसला,” आत्या म्हणाली आणि भात्याचा पट्टा लावू लागली. ती इतक्या शांतपणे आवराआवर करते तेव्हा पुन्हा येत नाही, हे भाचीला ठाऊक होते.

“थांब आत्या,” ती म्हणाली. मग बँडकडे वळून, “तुम्ही मला काय म्हणता?”

“गच्ची,” कीबोर्डवालीने हसू दाबत सांगितले. “लांब सूर आला की तू वर जाऊन बसतेस.”

“ते यंत्र धर माझ्यासमोर.”

भाचीने कसलीही साथ न घेता गाण्याची पहिली ओळ म्हटली. शेवटचा सूर तिने निवांत लांबवला. काटा उजवीकडे गेला आणि अकॉर्डियनच्या वेळी जिथे बसला होता तिथेच बसला.

“मी हिच्या मांडीवर बसून गाणं शिकले,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझा कान कच्चा आहे. माझा कान चांगला आहे. तारा ताणता येतात, पट्ट्या येत नाहीत. तेव्हा तुम्ही वर या.”

“फक्त या गाण्यापुरतं?” गिटारवाल्याने विचारले.

“सगळ्या गाण्यांना. मला सोपं जाईल.”

“तार तुटली तर?”

“दुसरी लाव.”

“माझं झालंसुद्धा,” कीबोर्डवाली म्हणाली. “एक बटण फिरवायचं होतं.”

गिटारवाल्याने यंत्राकडे पाहिले, ते बंद करून खिशात टाकले आणि खुंट्या पिळायला घेतल्या. आत्याने पट्टा पुन्हा सोडला. “हळू पीळ रे,” ती म्हणाली, “कपडे धुतोयस का?”

दुपारी मंचावर ऊन थेट येत होते. शेवटच्या गाण्याच्या वेळेपर्यंत गिटारच्या तारा सैलावल्या होत्या. गिटारवाला सगळ्यांसमोर आत्याकडे वळला.

“आत्या, सूर द्या.”

आत्याने भाता सावकाश उघडला. तिच्या सुराखालून गिटार वर चढत आली, तिच्यामागून बास गिटार. गाणे सुरू झाले असे समजून श्रोत्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. ड्रमवाल्याला काही जुळवायचे नव्हते. त्याने तो ठेका तसाच उचलला. मग भाचीनेही वाट न पाहता गायला सुरुवात केली.

पहिल्या लांब सुरावर तिने गिटारवाल्याकडे पाहिले. त्याचे तोंड अगदी सरळ होते.